दार उघडं असतानाचं काम

बिट्टीच्या त्या पत्राला मुनीने उत्तर दिलं नव्हतं. विसरला असता तर गोष्ट वेगळी. विसरणं माणसाच्या हातात नसतं. पण पत्र त्याच्या गणवेशाच्या कोटात, आतल्या खिशात होतं. कोट खुंटीला लावताना आणि पुन्हा अंगात घालताना तो कागद दर वेळी कुरकुरायचा, आणि मुनी दर वेळी मनाशी म्हणायचा, आज लिहू.

मुनी हे त्याचं खरं नाव नव्हे. विमानात मागच्या घडीच्या खुर्चीवर पुस्तक उघडून, तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा माणूस म्हणून सहकाऱ्यांनी कधीकाळी ते ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. बिट्टी त्याची पुतणी, भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला. मुनी मुक्कामाच्या हॉटेलांतून कोऱ्या कागदांची छोटी पॅडं घेऊन यायचा आणि बिट्टी त्यांवर अक्षरं गिरवायची. "आमच्या पोरीची मुळाक्षरं पंचतारांकित आहेत हो," असं वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या. पुढे काकाच्याच शब्दाखातर बिट्टी त्याच्याच विमान कंपनीत, त्याच्यासारखीच केबिन क्रू म्हणून लागली, आणि पहिल्या मुक्कामापासून हॉटेलच्या कागदावर काकाला पत्र लिहायला लागली. क्रू-रूमच्या भिंतीवर प्रत्येकाचा एकेक लाकडी कप्पा असे. त्याच्या कप्प्यात ती पत्र टाकून जायची. फोन दोघांकडेही होते. पण ही त्या दोघांची गंमत होती, आणि मुनी एकूण एक पत्राला उत्तर देत असे. या एका सोडून.

पत्र लहानच होतं.

"काका, काल विमानतळावर स्टँडबाय होते. गणवेश, बूट, अंबाडा, सगळं चढवून बोलावण्याची वाट बघत बसायचं, ते तुम्हाला माहीतच आहे. बोलावलं. बोर्डिंग सुरू झालं. लोकांच्या बॅगा वर चढवल्या, एका बाईंचं बाळ धरलं, खिडकीच्या जागेवरून पेटलेलं भांडण सोडवलं. मग इंजिनात काहीतरी निघालं. दार उघडंच. तीन तास पाणी वाटलं आणि शिव्या खाल्ल्या. शेवटी उड्डाण रद्द. दार बंद झालंच नाही, म्हणून पगारही नाही. रडगाणं गात नाहीये. एकच विचारायचंय. कंपनीशी बोलणी करायला तुम्ही सगळे बसता, त्या टेबलावर आमच्या बाजूला कोण बसलंय?"

उत्तर न देण्याचं एक कारण मुनीने स्वतःला पढवून ठेवलं होतं. वाटाघाटींच्या समितीतल्या माणसाने टेबलावरचं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ असते. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं. प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

समितीवर तो गेला तोसुद्धा न बोलण्यामुळेच. युनियनच्या सभेत कुणीतरी त्याचं नाव सुचवलं, "अक्षर चांगलं आहे, मसुदा लिहील," म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? हरकत होती ती एकट्या मुनीचीच, पण उभं राहून तसं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. तेव्हापासून अकरा महिने तो विमानतळाजवळच्या हॉटेलातल्या त्या लांबट खोलीत येऊन बसत होता. टेबलाच्या एका बाजूला कंपनीचा वकील आणि हिशेबनीस. दुसऱ्या बाजूला युनियनचे पाच जण. टेबलाच्या टोकाला सरकारने नेमलेले मध्यस्थ, निवृत्त न्यायाधीश, सतत खोकल्याची गोळी चघळणारे. दारापाशी एक टोपली. आत येणाऱ्याने फोन तिच्यात ठेवायचा.

युनियनच्या बाजूला मधोमध ताई बसायच्या. ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचा नंबर पहिला होता, आणि या धंद्यात ज्येष्ठतेचा नंबर म्हणजे माणसाची जन्मपत्रिका. कोणाला कुठलं उड्डाण, कोणाला कधी रजा, कोणी स्टँडबायला सडायचं, सगळं त्या नंबरावर. ताई एकट्या राहायच्या. कडक बाई. पण मुनीचा भाऊ गेला तेव्हा सलग दोन महिने त्याची लांबची उड्डाणं त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती, आणि त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नव्हता.

भांडण पगाराच्या मीटरचं होतं. टॅक्सीचा मीटर प्रवासी बसला की पडतो. केबिन क्रूचा मीटर दार बंद होऊन विमान जागचं हललं की पडतो, आणि उतरल्यावर चाकं थांबली की उठतो. त्याआधी जे काही होतं, म्हणजे शेदोनशे माणसं आत घेणं, त्यांच्या बॅगा, त्यांची बाळं, त्यांचे रुसवेफुगवे, हे सगळं दार उघडं असतानाचं. ते फुकट. कुणाही क्रूला विचारा, दिवसाचं सगळ्यात कष्टाचं काम तेच. ताईंनी युनियनच्या वतीने पहिल्याच दिवशी टेबलावर हात ठेवून सांगितलं होतं, "बोर्डिंगचे पैसे. बाकीचं नंतर."

वकील गोड माणूस होता. नकारसुद्धा असा द्यायचा की ऐकणाऱ्याला आभार मानावेसे वाटावेत. नऊ महिने त्याने नकार दिले. प्रत्येक बाजूने कागद द्यायचा, दुसऱ्या बाजूने आपल्या वेगळ्या खोलीत जाऊन तो वाचायचा, परत येऊन आपला कागद द्यायचा. असे किती कागद इकडून तिकडे गेले देव जाणे. हिशेबनीस प्रत्येक शब्दाची किंमत काढायचा. मुनीने मसुद्यात कुठे "किंवा" लिहिलं तर तो म्हणायचा, "सर, तुमचा हा 'किंवा' फार महाग आहे हो." दहाव्या महिन्यात एका दुपारी वकील म्हणाला, "ठीक आहे. बोर्डिंगच्या वेळेला अर्ध्या दराने पगार. पण पैशांचं अंथरूण एवढंच आहे. त्यावर कुणी किती पाय पसरायचे ते तुम्ही आपसांत ठरवा."

आणि त्यांनी ठरवलं. आपल्या खोलीत जाऊन, फार वादही न होता. आधी ठरलेली सगळ्यांची पगारवाढ धरून जे उरलं ते सगळ्यांना पुरत नव्हतं. तेव्हा बोर्डिंगचा पगार नोकरीच्या सहाव्या वर्षापासून. नव्यांना पुढच्या करारात. "पायरीपायरीनेच होतं सगळं," युनियनचे खजिनदार म्हणाले. "आपणही फुकट उभे राहिलोच की दारात. मेलो का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मुनीनेही. त्याच्या सुबक अक्षरात त्याने कलम लिहून काढलं. बिट्टीचं तिसरं वर्ष चालू होतं. हे त्याला लिहिताना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्याने वाक्य पुरं केलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बिट्टीचं पत्र आलं. तिला टेबलावरचं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तिने फक्त विचारलं होतं.

सह्या व्हायच्या आदल्या आठवड्यात मुनीला एक उड्डाण करणं भाग पडलं. समितीवर असलं तरी अधूनमधून उडावं लागतं, नाहीतर परवाना जातो. तो पर्सर, म्हणजे क्रूचा प्रमुख, म्हणून पुढच्या दारात उभा राहिला आणि क्रूच्या यादीत शेवटचं नाव बिट्टीचं निघालं. स्टँडबायवरून उचललेली. लोकांसमोर ती त्याला सर म्हणाली. बोर्डिंग लांबलं, मालाच्या कुठल्याशा कागदावरून दार उघडंच राहिलं. मुनी दारात हसून हात जोडत होता आणि मागून बिट्टीचा आवाज ऐकत होता: "काकू, ती पिशवी माझ्याकडे द्या... नाही हो, उडणार, नक्की उडणार." शेवटी एकदाचं दार लागलं. बिट्टी पुढे आली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि जोडीदारणीला म्हणाली, "चला गं, लागलो बाई नोकरीला."

हा विनोद मुनीच्या पहिल्या दिवसापासून चालत आला होता. तेव्हा तोही हसला होता.

प्रवाशांचं खाणंपिणं आटोपल्यावर मागच्या गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, क्रूचे ट्रे निघाले. तिथेही रीत तीच, सगळ्यात जुन्याने आधी घ्यायचं. मुनीने हात पुढे केला, वरचा गरम ट्रे उचलला आणि घडीच्या खुर्चीवर बसून दोन घास खाल्लेसुद्धा. मग त्याचं लक्ष गेलं. बिट्टी उभी होती. बाकीच्यांचं घेऊन झालं होतं. तिने उरलेल्या ट्रेचं झाकण उघडलं, आतला गार पाव बघितला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. तोंड वाकडं केलं नाही. रोजचंच असल्यासारखं. ते रोजचंच होतं.

"हा घे," मुनी म्हणाला.

"उष्टा केलात की आता." ती हसली. बाकीच्या मुली पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "काका, पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"मग?"

"बिट्टी, टेबलावरचं बोलता येत नाही. शपथ आहे."

"मी गुपित कुठे विचारलं? कोण बसलंय एवढंच विचारलं. नावं तर नोटिस बोर्डावर लागलीत." ती कॉफीची किटली पुसत राहिली. "एक दाताचे डॉक्टर आहेत, आईच्या ओळखीचे. दवाखान्यात बसायला बोलावतायत. महिनाअखेरीपर्यंत सांगायचंय. तिथे म्हणे दार उघडलं की पगार सुरू होतो."

मुनीला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, "कॉफी गार होईल." असा माणूस.

घरी आल्यावर, कोट खुंटीला लावताना कागद कुरकुरला तेव्हा त्याला वाटलं, आपण त्या दिवशी वाईट माणसं म्हणून ते कलम लिहिलं नाही. आपण ते ट्रे उचलतो तसं लिहिलं.

सह्यांच्या आठवड्यात सगळे हॉटेलातच मुक्कामाला होते. शेवटच्या दिवशी दुपारी करार टेबलावर मांडला गेला. नियम असा होता की युनियनच्या पाचही सह्या झाल्या तरच करार सभासदांच्या मतदानाला जाणार. ताईंनी सही केली, खजिनदारांनी केली, दोघा जणांनी केली. पेन मुनीकडे आलं. तो पेनाचं टोपण काढघाल करत बसला.

"शाई संपली का?" वकील म्हणाला.

"मला एक विचारायचं होतं," मुनी म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की मध्यस्थांनी गोळी गालात सरकवून कान पुढे केला.

"अरे वा! मुनींचं मौन सुटलं!" वकील मनापासून हसला. "अकरा महिन्यांनी! विचारा, विचारा."

मुनीने वकिलाकडे बघितलं नाही. तो आपल्या बाजूच्या चौघांकडे वळला. "आपल्या पाचांपैकी कोणी शेवटचं स्टँडबाय कधी केलंय?"

खजिनदारांनी आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं. "स्टँडबाय? मी... तेव्हा ती जुनी विमानं होती ना..." आणि थांबले.

"मला सही करता येणार नाही," मुनी म्हणाला. "सहावं वर्ष काढा. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून."

ताई उठल्या. "आमच्या खोलीत जातो," मध्यस्थांना म्हणाल्या, आणि खोलीचं दार त्यांनी स्वतः लावलं.

"पैसे कुठून आणायचे?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"कराराच्या शेवटच्या वर्षाची वाढ. पगाराच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्यांची. ती जवळजवळ निम्मी केली तर बसतं. मी हिशेब मांडून बघितला."

"वरच्या पायरीवर कोण आहे?"

"आपण."

खजिनदार उसळले. "हा काय चावटपणा आहे! अकरा महिने मुकाट बसायचं आणि वरात दारात आल्यावर नवरा पसंत नाही म्हणायचं! आणि मतदानाला कोण येतं, माहितीये ना? जुनेच येतात. हे घेऊन त्यांच्यासमोर गेलो तर उभं जाळतील."

ताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "माझी दोन वर्षं राहिलीत," त्या मुनीला म्हणाल्या. "पेन्शन शेवटच्या पगारावर बसते."

"माहीत आहे. माझीही त्यावरच बसते, ताई."

"तुझी बायको कमावते. म्हातारपणी मला कोण आहे?"

मुनीने टेबलाच्या कडेवर अंगठा दाबून धरला. इतकी पुस्तकं वाचली, पण एका माणसाच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या ताटात वाढताना पहिल्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, हे त्याला कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

"पुतणीसाठी करतोयस?"

"तिच्यामुळे कळलं," तो म्हणाला. "तिच्यासाठीच करतोय की कसं, मला नीट सांगता येणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर माझी सही होणार नाही."

"म्हणजे करार गेला. आणखी एक वर्ष, आणि बोर्डिंगचे पैसे कुणालाच नाहीत." ताई खिडकीपाशी गेल्या. बाहेर एका विमानाला ढकलगाडी मागे सरकवत होती. "म्हणजे तू माझ्या मानेवर सुरी ठेवून मला पुण्य करायला लावतोयस, मुनी."

"हो," मुनी म्हणाला. ते खरंच होतं.

ताई तिथूनच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्षी एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बूट घालून बसले होते. बोलावलंच नाही. घरी जाऊन बूट काढले तर पाय निघेनात." एवढं बोलून त्या वळल्या. "सही करते. ती खुर्चीची सही. मत मात्र माझं आहे. मतदानात मी विरोधात मत टाकणार, आणि कुणी विचारलं तर तोंडावर सांगणार. चालेल?"

"चालेल."

"तुला चालो न चालो." त्यांनी दार उघडलं.

वकिलाला काहीच फरक पडला नाही. हिशेबनीसाने यंत्रात आकडे घातले, बेरीज तीच आली, मान हलवली. मुनीने जुनं कलम खोडून नवं लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं. पाच सह्या झाल्या. ताई त्याच्याकडे न बघता टोपलीतून फोन घेऊन निघून गेल्या. त्याने आपला फोन घेतला. वहिनींचे दोन फोन येऊन गेले होते. उद्या करू, असं त्याने ठरवलं. आधी पत्र लिहायचं होतं.

सकाळी हॉटेलच्याच कागदावर त्याने ते लिहिलं.

"बिट्टी, आता करार जाहीर झाला आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. तू विचारलं होतंस तुमच्या बाजूला कोण बसलंय. अकरा महिने कोणी नव्हतं. मी तिथे होतो, पण मी माझ्याच बाजूला होतो आणि ते मला कळलंही नव्हतं. काल शेवटच्या तासाला तुमच्याकडे सरकलो. कलम बदललं आहे, पहिल्या दिवसापासून सगळ्यांना. पण ते मतदानात टिकेल याची खात्री नाही. नवी माणसं मत द्यायला येत नाहीत. तू ये, आणि इतरांना घेऊन ये."

पाकीट घेऊन तो क्रू-रूममध्ये गेला. कप्प्यांच्या भिंतीपाशी तिथला कारकून उभा होता आणि ब्लेडने एका कप्प्यावरची चिठ्ठी खरवडत होता. निम्मी निघाली होती. उरलेली अक्षरं मुनीने ओळखली.

"तुमची पुतणी ना, सर?" कारकून म्हणाला. "परवा राजीनामा देऊन गेली. गणवेश, ओळखपत्र, सगळं जमा. जाताना माझ्याही पाया पडली हो. तुमची चौकशी केली. म्हटलं, ते हॉटेलात अडकलेत, फोनसुद्धा घेत नाहीत." त्याने हात पुढे केला. "काही ठेवायचं होतं का?"

"नाही," मुनी म्हणाला.

तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला. समोर स्टँडबायवरची चार पोरं बूट घालून बसली होती. एक डोळे मिटून, एक नखं कुरतडत. त्याने पाकीट उघडलं, शेवटच्या दोन ओळी खोडल्या. कागद पुन्हा लिहावा असं क्षणभर वाटलं. पण पुन्हा लिहायला घेतला तर हाही राहून जाईल, हे त्याला स्वतःबद्दल पुरतं ठाऊक होतं. खोडलेल्या ओळींखाली त्याने लिहिलं:

"आत्ता कळलं की तू गेलीस. तुला याचा काही उपयोग नाही. तुझं मत आता नाही, माझं आहे, आणि ते मी देईन. इथे समोर चौघं बसली आहेत, त्यांना जाऊन सांगतो की मत द्या. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. तरी सांगतो. काका."

तो उठून त्या चौघांपाशी गेला. काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. एक मुलगी म्हणाली, "सर, बसा ना," एवढं आठवलं.

मग रस्ता ओलांडून तो पोस्टात गेला, तिकीट घेतलं, पाकिटावर वहिनींच्या घरचा पत्ता लिहिला आणि ते पेटीत टाकलं. टाकल्यावर फटीत दोन बोटं घालून चाचपून बघितलं, वर कुठे अडकलं तर नाही ना. दार लावल्यावर ते लागलं आहे का, हे हाताने पुन्हा एकदा बघायची त्याची जुनी सवय होती. पाकीट खाली गेलं होतं.